वाऱ्यापुरती जागा

चारचौघांच्या देखत सून गाडीत आडवी झाली.

वाकून बघितलं असतं, हातानं चाचपलं असतं, तर एक वेळ चाललं असतं. पण हिनं चपला काढल्या, मागच्या उघड्या दारातून आत चढली आणि पत्र्याच्या तळावर सरळ पाठ टेकली. पाय दाराबाहेर चार बोटं आले. दोन्ही हात पोटावर. गॅरेजमधली तीन माणसं हातातले पाने तसेच धरून बघत राहिली. गाडी विकणारा गाडीवाला त्यातल्या त्यात सभ्य, तो टायरकडे बघू लागला.

"ऊठ," तिची सासू, गादीवाली, म्हणाली. "माणसं बघताहेत."

"बघू देत, आई." आवाज पत्र्यात घुमून आला. "तिरकं झोपलं तर पुरतेय लांबी."

"पुरेल की. मेलेल्यालासुद्धा एवढीच लागते."

गॅरेजमधला एक माणूस हसला आणि म्हातारीचा चेहरा बघून लगेच थांबला.

सुनेचं हे पहिल्यापासूनचं. लाज तिच्या वाटणीला आलीच नव्हती. लग्नाला दोन महिने झाले नसतील, तेव्हा पाण्यात घालायचा तो काळा रबरी पोशाख अंगात घालून ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली होती, पाणी गळतंय, केस तोंडावर, आणि गिऱ्हाइकांसमोर विचारते कशी, आई, चहा आहे का? गिऱ्हाइकाला वाटलं गटार साफ करणारं कोणी आलं. विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, रागावलं तर रडायचं नाही. भिंतीशी भांडलेलं परवडलं. भिंत निदान आपल्या पैशानं बांधलेली असते.

मुलानं आणलीच होती तशी. दोघांचा धंदाही तसलाच. फळीवर उभं राहायचं, फळीला शीड लावायचं, आणि शीड दोन्ही हातांनी धरून वाऱ्याच्या तोंडी लागायचं. ह्याला विंडसर्फिंग म्हणतात आणि ते शिकायला शिकलीसवरलेली माणसं येतात, हे गादीवालीला पंधरा वर्षांत पटलं नव्हतं. पण माणसं येत. वारा जिथे खरा सुटतो तो किनारा गावापासून अडीच तासांवर, तिथे ना दुकान ना दवाखाना. आठवड्याचे दोन दिवस तिथे मुक्काम करावा लागे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुक्कामाला मुलगा एकटा गेला, आणि गाडीतून त्याला बाहेर काढावं लागलं. सून तेव्हा घरी होती, लेक चिंगीला ताप होता म्हणून. चिंगी तेव्हा सात वर्षांची. आता नऊ.

आता पुढच्या महिन्यापासून वारा सुरू होणार होता. सुनेकडे आठ जणांनी नावं दिली होती. आणि ह्या वेळी चिंगीलाही ती बरोबर नेणार होती. पोरगी शिकायला तयार आहे म्हणे.

"पोर गाडीत झोपणार नाही," गादीवालीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "तिकडे खोल्या मिळतात असं मी ऐकलंय. खोली घे. चार भिंती असतील तर पोर ने. गाडीत झोपवायची असेल तर पोर माझ्याजवळ राहील. ती ज्या छपराखाली झोपते ते छप्पर अजून माझं आहे."

सुनेनं वाद घातला नव्हता. "दोन्ही बघू," एवढंच म्हणाली होती. "एकाच दिवशी. तुम्हीही चला."

म्हणून गादीवाली आज दुकान बंद ठेवून ह्या ऑइलच्या वासात उभी होती.

सून उठून बसली. तिनं आपला तो पत्र्याचा डबा उघडला. टेप, पेन्सिल, स्क्रू, दोऱ्याचं रीळ, सगळं ती त्या चपट्या डब्यात ठेवी आणि कुणाला हात लावू देत नसे. टेपनं तिनं लांबी मोजली, रुंदी मोजली, फळी कुठे बसेल, डोलकाठीचे दोन तुकडे कुठे बसतील ते खडूनं तळावर आखलं.

"ही गाडी पावाची होती, मावशी," गाडीवाला गादीवालीला म्हणाला. सुनेशी बोलण्यापेक्षा म्हातारीशी बोलणं त्याला सोपं वाटलं असावं. "बेकरीची. इंजिन एकदम सरळ. रोज तीच वाट, तोच वेग. तळाला तीन भोकं आहेत तेवढी, पावाला घाम येऊ नये म्हणून पाडलेली. टपावरही एक जाळी आहे. पण तुम्ही झोपायला वापरणार ना? मग पत्रा मारून बंद करून देतो सगळी. अर्ध्या तासाचं काम."

"हात लावू नका," सून म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण गाडीवाला एक पाऊल मागे सरकला.

"का गं?" गादीवाली म्हणाली. "एवढा चांगला म्हणतोय तो. खालून गार वारा लागेल. पोरीची छाती तुला माहीत आहे."

"लागू दे."

"लागू दे! ऐकलंत? आई आहे ही."

सुनेनं पाठ वळवली. डब्यातून काहीतरी मऊसं काढून तिनं तळाच्या भोकाशी धरलं, मग दुसऱ्या भोकाशी, मग तिसऱ्या. मग उभी राहून, हात उंच करून टपावरच्या जाळीशी. काय धरलं ते तिच्या पाठीआड दिसलं नाही. मान एकदा हलली, माप पटल्यासारखी. वस्तू परत डब्यात गेली.

गाडीवाल्याला बरं वाटावं म्हणून गादीवालीच बोलू लागली. तिला गप्प उभं राहता येत नसे.

"मी गाद्या करते. चाळीस वर्षं झाली. शाळा दुसरीपर्यंत, पण माझा टाका उसवून दाखवा कुणी. माझ्या मुलाची गाडी होती ना, जुनी टपालाची, तिच्यात मी स्वतः गादी बसवली होती. बसवताना बघते तर तळाला भोकं, टपाला भोक, गाडी आहे का चाळण? आठ दिवस खोकत होता तो. तो घरात झोपला होता तेवढ्यात मी दुपारच्या दुपारी सगळी फट न् फट भरली. छताला अस्तर लावलं. बोलले नाही त्याला. रात्री तिकडून फोन आला, आई, काय केलंस गं, गाडी अगदी उबदार झालीय. माझ्याशी शेवटचं तेवढंच बोलला तो."

गाडीवाल्यानं मान खाली घातली. 

खट् असा आवाज झाला. सुनेनं डबा बंद केला होता.

"संध्याकाळपर्यंत गाडी नेऊ का?" तिनं विचारलं. "हिच्यातूनच जाऊन येतो. चालवून बघणं होईल."

"न्या की," गाडीवाला म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

अडीच तासांत दोघी तीन वेळा बोलल्या. एकदा गादीवालीनं पाणी मागितलं. एकदा गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा सून "सॉरी" म्हणाली, बहुधा गाडीला. रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना पांढुरकी ओसाड जमीन, तारेच्या कुंपणाला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळ्या एकाच दिशेला ताणून फडफडत होत्या. जसजसं पुढे जावं तसतशा त्या जास्त फडफडू लागल्या. तळातल्या भोकांतून वारा येऊन गादीवालीच्या घोट्यांना लागत होता. तिनं पाय सीटवर घेतले आणि पदरानं झाकले. तक्रार करायची नाही असं तिनं ठरवलं, मग ठरवलेलं मोडून म्हणाली, "पाव बरे राहत असतील हिच्यात. माणसाचं माहीत नाही."

सून आरशात मागे बघत होती.

ह्या वाटेनं गादीवाली पहिल्यांदाच येत होती. त्या दिवशी तिला कुणी आणलं नव्हतं. मुलगाच घरी आला होता. मुलगा म्हणजे काय, चादरीत गुंडाळलेला. एक पोलीस बरोबर आला होता. तो ओट्यावर बसून खूप वेळ काहीतरी सांगत होता, बंद गाडी, पेटती शेगडी, धूर नसलेला वायू, झोपेतच जातं माणूस, कळतही नाही. त्यातला एकच शब्द तिनं उचलला होता. शेगडी. गॅसची छोटी निळी शेगडी, सुनेनं त्याच महिन्यात आणलेली, चहापुरती. तेव्हापासून तो शब्द तिनं हातातून खाली ठेवला नव्हता. जेवताना, धुणं वाळत घालताना, शेजारीण आली की, पाहुणे उठले की. हिच्या शेगडीनं माझा मुलगा खाल्ला. सून ताट उचलून आत जाई. उत्तर नाही, म्हणजे कबूल आहे. गुन्हेगार गप्पच असतो.

खोल्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या. एका ओळीत पाच, पत्र्याचं छप्पर, त्यावर दगड. गाडी थांबताच एक माणूस टॉवेलला हात पुसत बाहेर आला. सुनेला बघून तो थबकला, मग ओळखीचं हसला, मग ते हसू कुठे ठेवावं हे न समजून त्यानं ते आवरलं.

"बाई, तुम्ही? बऱ्याच दिवसांनी."

"ह्या माझ्या सासूबाई. खोली बघायला आलोय. चार महिन्यांसाठी, आठवड्याचे दोन दिवस."

"त्यांच्या आई का?" खोलीवाल्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही हात जोडले. "या मावशी. आत या. बाहेर उभं राहवत नाही इथे."

राहवत नव्हतंच. वारा नव्हता तो, कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलत होतं. गादीवालीनं पदर दातात धरला आणि उंबरा ओलांडला. खोलीवाल्यानं दार लावून घेतलं तसा एकदम आवाज तुटला. कानांना दडे बसल्यासारखं झालं.

आणि ऊब. तिला आधी ऊबच जाणवली. दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. खिडकीच्या चौकटीत सगळीकडे चिंध्यांच्या वळकट्या ठासून बसवल्या होत्या, वरून खाकी चिकटपट्टी. दाराच्या खालच्या फटीला कापडाचा लांबट साप करून शिवलेला. तिनं वाकून तो हातात घेतला. टाका ओबडधोबड होता, पण बुद्धी बरोबर होती.

"कुणी केलं हे?"

"मीच. एक फट ठेवली नाही, मावशी. मागच्या वर्षी पाहुणे तक्रार करायचे, झोप लागत नाही म्हणून. आता सकाळी उठवावं लागतं त्यांना."

"ह्याला म्हणतात खोली!" गादीवाली खाटेवर बसली. दोन्ही तळवे तिनं गादीवर दाबून बघितले. कापूस जुना, पण पिंजलेला होता. "बघ गं. शीक. परका माणूस एवढी काळजी करतो."

सून खिडकीपाशी उभी होती. तिनं डबा खाटेवर ठेवून उघडला, रिळातून वीतभर दोरा तोडला आणि दोन बोटांच्या चिमटीत खिडकीच्या फटीसमोर धरला. दोरा सरळ लोंबत राहिला. दारापाशी धरला. सरळच. बाहेर एवढं घोंघावत होतं आणि इथे दोऱ्याचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

"आंघोळीला गरम पाणी?"

"गॅसचा गिझर आहे ना. न्हाणीघरातच. दोन मिनिटांत पाणी."

ती न्हाणीघरात गेली. न्हाणीघर म्हणजे खोलीचाच एक कोपरा, मध्ये अर्धी भिंत. गादीवालीला तिची वर केलेली मान दिसली.

"झरोक्यात काय आहे हे?"

"गोणपाट. वारा येऊन ज्योत विझायची सारखी. बुजवला तेव्हापासून नीट चालतो."

सून बाहेर आली. तिच्या हातात दोरा अजून तसाच होता. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा.

"ही खोली नको."

"नको? का नको?" गादीवाली उभी राहिली.

"दुसरी बघू नाही तर गाडीच घेऊ."

"बाकीच्या चारही खोल्या अशाच आहेत, बाई," खोलीवाला जरा दुखावून म्हणाला. "सगळ्या पॅक."

"पोरीला उघड्यावर कुडकुडत ठेवीन पण ऊब देणार नाही, असंच ना?" गादीवालीचा आवाज चढला. परका माणूस समोर आहे हे तिला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच तो आणखी चढला. "कारण सांग. कारण तरी सांग! तुला एवढीच हौस होती गाडीची, म्हणून तर तो गाडीत झोपायचा. ही खोली इथेच होती तेव्हा. हाकेच्या अंतरावर! तेव्हा खोली घेतली असती तर? शेगडी आणून दिलीस त्याला. तुझ्या शेगडीनं माझा मुलगा खाल्ला, आता नात..."



सुनेनं दोऱ्याकडे बघितलं. तो तिच्या बोटांतून सुटून खाटेवर पडला.

"मी वारा बघून येते," ती म्हणाली, आणि गेली. दार उघडलं तेवढा वेळ सगळी खोली थरथरली. मग पुन्हा शांत.

खोलीवाला टॉवेलची घडी घालू लागला. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मावशी, रागावू नका. मी लहान तोंडी... पण त्यांना ही जागा सोसत नसेल. त्या दिवशी मीच फोन केला होता घरी. त्या टोकाला उभी होती गाडी. दहा वाजले तरी शीड बाहेर नाही, म्हणून मी गेलो. दार मीच फोडलं. तुमच्या सूनबाई मिळेल त्या गाडीनं आल्या. पोलिसांच्या आधी पोचल्या. रडल्या नाहीत, काही नाही. आधी नवऱ्यापाशी बसल्या थोडा वेळ. मग आत शिरल्या, खालची गादी उचकटली, छताचं कापड फाडलं. मग गाडीच्या खाली जाऊन आडव्या पडल्या. उताण्या. किती वेळ पडून होत्या. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. चार माणसं बघत होती, पण हात लावायची हिंमत कुणाला होईना. बाहेर आल्या तेव्हा ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. पोलिसांनी विचारलं, गाडी अशीच होती का? म्हणाल्या, अशीच होती."

"काय गुंडाळलेलं होतं?"

"नाही हो बघितलं. मी चहा सांगतो तुमच्यासाठी."

तो आतल्या दारानं गेला.

गादीवाली खाटेवर बसली. दोरा तिच्या मांडीशी पडला होता. वीतभर दोरासुद्धा वाया घालवायचा नाही, ही तिची जन्माची सवय. तिनं तो उचलला, बोटाभोवती गुंडाळला, आणि रिळाला लावून ठेवावा म्हणून डबा पुढे ओढला.

रिळाच्या खाली तीन गोल गाद्या होत्या.

बशीएवढ्या. निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या, गादीच्या खोळीचं असतं त्या. दोन जाड, एक चपटी. काळपट, तेलकट. एकीला दुसरीवर रचून बारीक दोरीनं बांधलेल्या. सुटी करायची गरज नव्हती. कडेचा टाका तिनं अंगठ्यानं चाचपला: दोनदा घातलेला, गाठ आत वळवून लपवलेली. चाळीस वर्षांत तिनं हा टाका कुणाला शिकवला नव्हता.

तिनं वरची उलटी केली. मागच्या बाजूला जाळीचे बारीक चौकोन उमटले होते आणि चौकोनांत रस्त्याची धूळ घट्ट बसली होती.

तिच्या बोटांना ते माहीत होतं. ती दुपार त्यांना पाठ होती. मुलगा आत खोकत झोपलेला, गाडी दुकानासमोर सावलीत, आणि ती गुडघ्यांवर बसून फळकुटाखाली हात घालतेय. भोक. दिसलं की भरायचं. गादीवालीनं भोक उघडं सोडलं तर तिला गादीवाली कोण म्हणेल? आधी तुकडा कापला, वर्तुळ डोळ्यांनीच, माप लागलंच नाही. कापूस कोंबला, काठीनं ठासला. एक बसवली, तळव्यानं थापटली. दुसरी बसवली. छतातली बसवताना स्टुलावर चढली होती, मान अवघडली होती, वरून अस्तर ताणून लावलं तेव्हा स्वतःवरच खूश होऊन तिनं कडेकडेनं हात धरून बघितला होता, कुठून झुळूक येते का. येत नव्हती. इथे दोरा हलत नव्हता, तसाच तिथेही हलला नसता.

हवा आत यायला जागाच नव्हती, आजी. पोलीस म्हणाला होता. ओट्यावर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून, दोनदा म्हणाला होता. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा सून मध्ये आली होती, "शेगडी मी आणली होती" असं म्हणत. आणि गादीवालीनं तिकडेच मान वळवली होती.

आतून कपबशांचा आवाज आला.

ती उठली. पाय धरले होते, तरी उठली. टेबलाशेजारचं स्टूल तिनं न्हाणीघरात ओढत नेलं आणि भिंतीचा आधार घेत वर चढली. झरोक्यातलं गोणपाट आत खोलवर ठासलेलं होतं. माणसानं काम नीट केलं होतं. तिनं नखं घातली, येईना. कमरेची कातरी काढली, टोक घुसवून एक धागा उचकटला, मग दुसरा, मग मूठ भरून ओढलं. गोणपाट धुळीच्या लोटासकट तिच्या अंगावर आलं.

वारा खोलीत शिरला. टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं, चिकटपट्टीचं सुटं टोक फडफडलं.

"अहो मावशी, हे काय!" खोलीवाला दोन कप हातात घेऊन दारात उभा. "वारा येईल!"

"येऊ दे."

"पण गिझर..."

"गिझर बाहेर टांग. नाही तर चुलीवर पाणी तापव. आणि बाकीच्या चारही खोल्यांतलं काढ. आज काढ. मी गेल्यावर नाही, मी उभी असताना." ती खाली उतरली. "ज्याची झोप इतकी गाढ लागते की उठवावं लागतं, त्याच्यापाशी आधी बसून बघ, श्वास घेतोय का."

 कप टेबलावर ठेवून तो हळूच पलीकडच्या खोलीकडे गेला. थोड्या वेळानं तिथून काहीतरी ओढून काढल्याचा आवाज येऊ लागला.

सून पाण्यापाशी उभी होती, वाऱ्याकडे तोंड करून. समोर पाणी करड्या रंगाचं, त्यावर पांढरे तुरे एकामागून एक धावत येत होते. माणूस एकही नाही. गादीवाली तिच्याजवळ पोचेपर्यंत दोनदा थांबली. दोन्ही वेळा तिला वाटलं परत जावं. डबा तिनं पोटाशी धरला होता.

सुनेनं वळून आधी तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. मग पुन्हा पाण्याकडे.

"टाकल्या का नाहीस?" गादीवालीनं विचारलं. वाऱ्यात तिला ओरडावं लागलं, आणि ओरडल्यावर ते भांडणासारखंच ऐकू आलं.

"माप घेते त्यांच्यावरून." सून म्हणाली. "गाडी बघताना. एवढी भोकं उघडी हवीतच, म्हणून. कमी नकोत."

"पोलिसांना का नाही दिल्यास?"

सुनेनं वाकून एक शिंपला उचलला आणि पाण्यात टाकला.

"मला का नाही सांगितलंस? मी काय काय बोलले तुला. परक्यांसमोर बोलले. चिंगीसमोर बोलले. आत्ता, थोड्या वेळापूर्वी बोलले!"

सुनेनं तोंडावर आलेले केस कानामागे केले. ते परत आले.

"चिंगीला आजी एकच आहे, आई."

गादीवालीनं खाली बघितलं. पायाखाली वाळू सरकत होती, बारीक, पावलांवरून वाहत जाणारी. तिनं डबा उघडून बघितला नाही. झाकण नीट लागलंय ना, ते अंगठ्यानं दाबून बघितलं आणि तो सुनेच्या हातात दिला. मग दोघी त्या पावाच्या गाडीकडे बघत उभ्या राहिल्या. मागची दारं सून उघडीच ठेवून आली होती. वारा एका बाजूनं आत जात होता आणि तळातून, टपातून, मिळेल तिथून बाहेर पडत होता.

"ती गाडी घे," गादीवाली शेवटी म्हणाली. "पोरीला ने. भोकं कुठे कुठे आहेत ती मला खडूनं आखून दे, तेवढी सोडून गादी शिवेन. झाल्यावर तूच तपास. माझ्यावर विश्वास टाकू नकोस."

"बरं."

सून गाडीकडे निघाली. चार पावलं गेली असेल.

"आणि ऐक."

ती थांबली.

"तू चांगली सून नाहीस," गादीवाली म्हणाली. "चांगली असतीस तर त्याच दिवशी हे माझ्या तोंडावर फेकलं असतंस."